कवळीताईचा अर्ज

त्या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं.

नगरपालिकेच्या दातांच्या दवाखान्यात, पाच पायऱ्या उतरून जावं लागे अशा मागच्या खोलीत ती बसायची. पुढे डॉक्टर लोकांचे दात उपटत आणि मागे ही त्यांना नवे करून देई. खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून माणसांचे फक्त बूट दिसायचे. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं घातलेला आकडा. मेण मऊ करायला स्पिरिटचा दिवा, दात ठेवलेले चपटे डबे, आणि वरचा-खालचा जबडा बसवून उघडमीट करून बघायचं एक पितळी यंत्र. विसाव्या वर्षी ती त्या खोलीत शिरली होती. एखाद्याचा साचा हातात घेतला की हा माणूस कुठल्या बाजूनं चावतो, झोपेत दात खातो का, हे ती बसल्या जागी सांगायची. लोक तिला कवळीताई म्हणत. खरं नाव तेवढं हजेरीपटावर उरलं होतं.

नवरा विजेची कामं करायचा. लेक चार वर्षांची असताना तो खांबावरून पडून गेला. तेव्हापासून कवळीताई लेकीला घेऊन बाबांकडे राहत होती. तिसरा मजला, दोन खोल्या, एक अरुंद गच्ची आणि कितीही तेल घातलं तरी कुरकुरणारं दार. आई ती लहान असतानाच वारली होती. बाबा वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासलेले. शब्दसुद्धा तोलून मापून टाकायचे, एखादा जास्त पडला की तो दिवसभर त्यांना सलत राहायचा.

घर ज्यूंचं. तसं ते फक्त कागदोपत्रीच उरलं होतं. शहरातल्या प्रार्थनाघराला कुलूप लागून जमाना झाला होता, आत आता पालिकेच्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या. तिच्या भावानं वेळीच गाशा गुंडाळला आणि तो पूर्वजांच्या भूमीत जाऊन राहिला. ‘दोन हजार वर्षांनी आपण आपल्या घरी आलो,’ असं तो पत्रात लिहायचा, आणि त्याच पत्रात खाली, ‘इथले डास मात्र भलतेच दांडगे आहेत,’ असंही.

कवळीताईला ती पत्रं वाचायला आवडायची, पण उठून निघावं असं तिच्या मनात नव्हतं. मग एक दिवस अकरा वर्षांची लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच पलंगावर बसून राहिली. खूप खनपटीला बसल्यावर बोलली. नव्या बाईंनी तिला वर्गात उभं केलं होतं. इतिहासाच्या धड्यात ज्यू असा शब्द आला, तेव्हा बाई म्हणाल्या, “आपल्याकडे एक आहे की. ऊठ गं, सगळ्यांना दिसू दे.”

“मग?” कवळीताईनं विचारलं.

“मग मी उभी राहिले. सगळे बघत होते. बस म्हणायला त्या विसरल्या.”

त्याच आठवड्यात तिनं भावाला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी त्याच्याकडून तिकडे येऊन राहायचं, लाल लाखेची मोहर लावलेलं बोलावणं आलं. ते घेऊन ती देश सोडायच्या परवान्यासाठी परवाना कचेरीत गेली.

कचेरीत चौथ्या खिडकीमागे विणलेलं जाकीट घातलेली एक बाई बसायची. तिनं कागदांची यादी पुढे सरकवली. जन्माचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, कामाच्या ठिकाणचं वर्तनाचं प्रमाणपत्र, राहत्या जागेचा कागद. सातवा कागद नवीन होता, भाऊ गेला तेव्हा तो नव्हता. अर्जदाराच्या हयात आईवडिलांनी लिहून द्यायचं, की आमचं मूल कायमचं देश सोडतंय, त्याला आमची हरकत नाही आणि त्याच्याकडून आमचं काही मागणं नाही. खाली सही, या खिडकीसमोर येऊन.

“मी अडतीस वर्षांची आहे,” कवळीताई म्हणाली.

“आईवडील हयात असले की मूल ते मूलच,” खिडकीतली बाई म्हणाली. “पुढचा.”

बाकीचे कागद ती महिनाभर गोळा करत होती. बाबांची सही शेवटी घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. घरचंच काम, त्याला कितीसा वेळ लागतो! वर्तनाच्या प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात सगळ्यांची सभा भरली. मोठे डॉक्टर टेबलाच्या टोकाशी बसले होते. एरवी तिच्या कवळ्यांचं ते तोंडभरून कौतुक करत. त्या दिवशी मात्र समोरच्या कागदावरून नजर न उचलता म्हणाले, “ज्या बाईला इथली माणसं नकोशी झालीत, तिच्या हातात इथल्या माणसांची तोंडं कशी द्यायची?” प्रमाणपत्र मिळालं, पण मागच्या खोलीची किल्ली गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला त्याच इमारतीत चिमटे, पकडी आणि थुंकायची भांडी धुवायच्या कामावर घातलं.

थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं मनाशी म्हणत ती घरी आली आणि सातवा कागद बाबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला. परत पहिल्या ओळीपासून वाचला. मग चष्मा काढून मिटून ठेवला.

“मी सही करणार नाही.”

“बाबा, नुसती सही आहे.”

या शब्दांवर बाबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी तोंडात मारली. ते उठले आणि गच्चीत जाऊन उभे राहिले.

तिला वाटलं, एकटं पडायची भीती असेल. ती म्हणाली, तुम्हीही चला. ते म्हणाले, नाही. ती म्हणाली, मग आम्ही तिकडून दर आठवड्याला पत्र टाकू. ते म्हणाले, टाका. ती रडली, भांडली, तीन दिवस अबोला धरला. बाबा स्वतःची बशी धुऊन ठेवत, नातीचा अभ्यास घेत, आणि सहीचं नाव काढलं की गच्चीत जात. हा आडमुठेपणा पेन्शनीपर्यंत पोचला होता, हे तिला मागाहून कळलं. निवृत्त झाल्यापासून टपाल कचेरीत पेन्शन घेतानासुद्धा ते सही करत नसत. हात थरथरतो असं सांगून अंगठा उमटवत. याच हातानं ते दाढी करायचे तेव्हा एक ओरखडा उठत नसे.

अर्जाचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. अर्ज मागे घेतला असता तर मागची खोली कदाचित परत मिळाली असती. पण मग लेकीला काय सांगायचं? आणि अर्ज पुढे जात नव्हता. एक पाय उचललेला आणि तो टेकवायला जागा नाही, अशी तिची गत झाली. ओळखीचे लोक रस्त्यात दिसले की दुकानाच्या काचेत बघायला लागत. तिच्या हातची कवळी तोंडात असलेल्या एका आजीनं तर तिला बघून तोंडावर रुमाल धरला.

मागच्या खोलीत नवा माणूस आला होता. त्याच्या कवळ्या बोलताना टकटक वाजत. एका दुपारी मोठे डॉक्टर धुवायच्या खोलीत आले, दार लोटलं आणि कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढली.

“जरा बघतेस? माणूस जेवू शकत नाहीये.”

तिनं ती उजेडात धरली. डावीकडची दाढ केसभर उंच होती. कानशीच्या चार फटक्यांचं काम. तिनं ते केलं, अंगठ्यानं कड चाचपून पाहिली, आणि कवळी परत त्यांच्या रुमालावर ठेवली. डॉक्टर “बरं” म्हणाले आणि गेले. त्यानंतर आठवड्याला दोन-तीन कवळ्या अशा रुमालातून यायला लागल्या. नाही म्हणावं असं तिला दरवेळी वाटायचं. पण समोर कुणाचं तरी उपाशी तोंड दिसायचं आणि हात पुढे व्हायचा. त्याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

याच दिवसांत तिनं पूर्वजांची भाषा शिकायला घेतली. निघून गेलेल्या एका कुटुंबानं मागे ठेवलेली, कितीदा तरी हातानं उतरवून घेतलेली एक वही होती. रविवारी सकाळी बाबा आपल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले, की आई आणि लेक स्वयंपाकघरात नळ सोडून, त्या आवाजाखाली शब्द घोकत. दार, खिडकी, पाणी, भाऊ. त्या भाषेत घशातून काढायचं एक अक्षर आहे. कवळीताईला ते काही केल्या जमेना. एका रविवारी ती तोच शब्द आठव्यांदा म्हणत असताना भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

“‘ख’ नाही तो. आणखी खालून. घशात कुसळ अडकलंय असं समज.”

आणि त्यांनी तो शब्द म्हणून दाखवला. स्वच्छ, गोल, जन्मभर बोलत असल्यासारखा.

कवळीताईनं नळ बंद केला. ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला येतं?”

“आजोबांनी शिकवलं होतं. लहानपणी.”

“सगळं येतं आणि तुम्ही इतकी वर्षं तोंड शिवून बसलात? बाबा, तुम्हाला आमच्याशी वैर आहे का?”

बाबा वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, “सही नको. अंगठा देतो. अंगठा चालत असेल तर उद्या येतो.”

तिला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून चौथ्या खिडकीपुढे उभे राहिले. बाईनं शाईची डबी काढली, अर्धी उघडली, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, कपाटातून बाबांच्या नोकरीची जुनी फाइल मागवली. पहिल्याच पानावर, पंचविशीतल्या बाबांची, दोन ओळी अडवून बसलेली लफ्फेदार सही होती.

“शिकलेल्या माणसाचा अंगठा चालत नाही,” बाई म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं. “असली थट्टा परत करू नका.”

घरी येताना बाबा दोन पावलं मागे चालत होते. कवळीताईनं एकदाही वळून पाहिलं नाही.

बाबांना घराच्या जिन्याशी सोडून ती तशीच काकूकडे गेली. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. दोन गल्ल्या सोडून राहायची, वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची. अंगाला कायम खळीचा वास, बोटांच्या टोकांवर सुरीचे बारीक काप. कवळीताईशी ती मायेनं वागे, पण बाबांच्या घरचा जिना ती गेल्या तीस वर्षांत चढलेली नव्हती. काका गेल्यापासून दोन घरांचं बोलणं तुटलं होतं. काकांना कवळीताई आठ वर्षांची असताना पकडून नेलं आणि चौथ्या वर्षी ‘मयत’ असं छापलेलं एक कार्ड आलं, एवढंच तिला ठाऊक होतं. घरात त्याबद्दल विचारायची सोय नव्हती.

“काकू, बाबा सही का करत नाहीत?” तिनं विचारलं.

काकू एका जाड पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होती. तिनं ब्रश खळीच्या डब्यात ठेवला.

“सांगायचं नाही असं ठरवलं होतं,” ती म्हणाली. “पण तू आता त्यांच्यासारखीच अडकलीस. ऐक. तुझे काका चार पोरांना ती भाषा शिकवायचे. आमच्याच घरी, सतरंजी टाकून. कुणीतरी चुगली केली. तुझ्या बाबांना कचेरीत बोलावलं. पाच तास बसवून ठेवलं. शिकवणाऱ्यांची यादी आधीच टाइप केलेली होती, आमच्या ह्यांचं नाव वरच होतं. म्हणाले, आम्हाला सगळं माहीतच आहे, तुम्ही नुसती सही करा. नाही केलीत तर नोकरी जाईल, आणि पोरगी लहान आहे तुमची.”

“पोरगी म्हणजे...”

“तू. केली त्यांनी सही. स्वतः येऊन मला सांगितलं, त्याच संध्याकाळी. मी दार लावून घेतलं. त्यानंतर नोकरीत होते तोवर शिक्का मारून बाजूला नुसती आडवी रेघ ओढायचे, असं कळलं मला. नाव कधी लिहिलं नाही म्हणे.”

कवळीताई घरी आली. बाबांनी तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. आपल्याला कळलंय हे ती त्यांना सांगू शकली नाही. इतके दिवस भांडायला निदान एक दगड होता समोर. आता तोही राहिला नाही.

अशी सात वर्षं गेली. तिनं सहीचं नाव पुन्हा काढलं नाही. भांडी धुतली, रुमालातल्या कवळ्या घासल्या, रविवारी नळ सोडून वही वाचली. आता भिंतीपलीकडून बाबा न विचारताच चुका सांगत. नातीचा उच्चार तर त्यांनी असा घासूनपुसून घेतला, की ती त्यांच्याशी त्या भाषेत थट्टामस्करी करायला लागली. घरात हसू येई ते तेवढ्यापुरतं.

लेक अठरा वर्षांची झाली आणि तिनं आपला स्वतंत्र अर्ज केला. मामा तिकडे होताच. एका सकाळी तिनं सातवा कागद आणून आईपुढे ठेवला.

“आई, तुझी सही हवीय. चौथ्या खिडकीपुढे.”

“उद्या जाऊ,” कवळीताई म्हणाली.

उद्या तिला सुट्टी मिळाली नाही. परवा डोकं दुखत होतं. मग पाऊस होता, मग खिडकी अर्धाच दिवस उघडी होती. नवव्या दिवशी लेकीनं सातवा कागद परत आईपुढे आणून ठेवला. कवळीताई ताडकन उठून गच्चीत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. खाली कुणी गाडीवर टेबल चढवत होतं. टेबल उलटं, चारही पाय वर. ते गाडीत नीट बसेपर्यंत ती बघत राहिली. आपण सही करणार नाही आहोत, हे तिला तिथे, त्या टेबलाकडे बघताना कळलं. ही पोर गेली तर या दोन खोल्यांत आपण आणि बाबा, आणि धुवायची भांडी. मरेपर्यंत. याचीच तिला भीती होती.

अकराव्या दिवशी ती गेली आणि सही केली. धीर एकवटला वगैरे काही नव्हतं. लेक सकाळी उठून बूट घालून दाराशी बसली होती, आणि तिला तसं बसलेलं तिच्यानं बघवेना.

चार महिन्यांत लेकीचा परवाना आला. विमानतळावर कठड्याच्या अलीकडेच थांबावं लागलं. लेक वळून वळून हात करत होती. मग एका जाडजूड कुटुंबानं आपल्या पेट्या मधे आणल्या आणि त्या हलल्या तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. बाबा शेजारी उभे होते. ते त्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाले. गलबल्यात तिला त्यातला ‘पाणी’ एवढाच शब्द ऐकू आला.

पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, बाबा इस्त्रीचा सदरा घालून तिच्यापुढे उभे राहिले.

“चल. खिडकी नऊला उघडते.”

“कशाला?”

“तुला माहीत आहे कशाला. वहिनींनी सांगितलंय तुला. सात वर्षांपूर्वीच सांगितलंय. मला कळलं होतं तेव्हाच, तू भांडायची बंद झालीस तेव्हा.”

खिडकीशी आल्यावर विणलेल्या जाकिटाच्या बाईनं कागद सरकवला आणि म्हणाली, “इथे सही करा नुसती.” बाबांनी लेखणी घेतली. कवळीताईनं त्यांच्या कोपराखाली हात धरला. बाबा तिला म्हणाले, “तिथेही असंच म्हणाले होते. अगदी याच शब्दांत,” आणि त्यांनी सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली, शेवटचा लफ्फा कागदाबाहेर गेला.

बाईनं फाइल उघडून ताडून पाहिलं. “जुळत नाही.”

बाबांनी दुसऱ्या कागदावर परत केली. जुळली नाही. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला, पण नाव पूर्ण वाचता येण्यासारखं उमटलं. बाईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं आणि शिक्का मारला.

परवाना यायला चौदा महिने लागले. त्या दिवसापासून चाळीस दिवसांत देश सोडायचा, नाहीतर सगळं पहिल्यापासून. ओळखपत्र परत घेतलं, दवाखान्यातून नाव काढलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाबा न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण भिंत धरल्याशिवाय चालता येईना. ते सत्त्याहत्तर वर्षांचे. तिसरा मजला.

“तू जा,” ते म्हणाले.

“तुम्हाला पाणी कोण तापवून देणार?”

“थंड पितो.”

“आंघोळीचं म्हणतेय मी!”

ती माणूस शोधत हिंडली. शेजारची बाई म्हणाली, आठवड्यातून एकदा डोकावेन. वृद्धाश्रमाच्या कचेरीत म्हणाले, दोन वर्षांची रांग आहे, आणि ज्याची मुलगी देश सोडतेय त्याचं नाव रांगेत वर कसं न्यायचं? परवाना कपाटात पडून होता. ती रोज कपाट उघडायची, बघायची, लावायची. दिवस वीस झाले, पंचवीस झाले. इतकी वर्षं कुंपण होतं तेव्हा निदान शिव्या द्यायला कुंपण तरी होतं. आता फाटक सताड उघडं आणि पाय उचलत नव्हता. सव्वीसाव्या दिवशी तिनं ठरवलं, परवाना परत करायचा. तसं लेकीला कळवणारं पत्र तिनं लिहायला घेतलं.

तेवढ्यात दार कुरकुरलं. दारात काकू उभी. तीन मजले चढून दम लागलेला, एका हातात कपड्यांचं बोचकं, दुसऱ्या हातात खळीचा डबा.

“किती दिवस उरलेत?” तिनं विचारलं.

“चौदा.”

“मग बसलीस काय? त्यांच्या गोळ्या कुठल्या, पांघरूण कुठे असतं, दाखव मला.”

बाबा भिंतीला धरून खोलीच्या दारात आले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वहिनी...”

“भाऊजी, उभे राहू नका, पडाल.” काकूनं बोचकं खुर्चीवर टाकलं. “आणि एक सांगून ठेवते. मी तुमच्यासाठी आलेली नाही. माफ केलं असंही समजू नका. ही पोर तेव्हा आठ वर्षांची होती, आणि तिच्यासाठी तुम्ही ते केलंत. त्यावर आमचं सगळं खर्ची पडलं. आता तीच इथे कुजत बसली, तर मग आमचे हे गेले ते कशासाठी?”

बाबा भिंत धरत हळूहळू पलंगाच्या कडेला बसले.

“काकू, तुम्ही बोलत नाही एकमेकांशी,” कवळीताई म्हणाली. “राहणार कसे?”

“न बोलता राहता येतं. अडतीस वर्षांची सवय आहे मला,” काकू म्हणाली. “पाणी कशावर तापवता?”

पुढचे दिवस कसे गेले ते कवळीताईला धड आठवत नसे. बाबांच्या जबड्याचा साचा घेऊन तिनं मागच्या खोलीत जाऊन त्यांना नवी कवळी करून दिली. मोठ्या डॉक्टरांकडे सरळ किल्ली मागितली आणि त्यांनी ती मुकाट्यानं काढून दिली. निघायच्या दिवशी बाबांनी गच्चीतून हात केला. काकू त्यांच्या मागे, त्यांचा पट्टा घट्ट धरून उभी होती, ते पडू नयेत म्हणून.

पूर्वजांच्या भूमीत उतरली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. लेक उन्हानं काळवंडली होती, आणि भाषा इतकी भरभर बोलत होती की कवळीताईला निम्मं कळायचं. वहीतले शब्द तिथे कुणी वापरत नव्हतं. ‘आजोबांच्या काळातलं बोलता तुम्ही,’ असं बसमध्ये एक माणूस हसून म्हणाला. तिचं प्रमाणपत्र तिथे चालेना, म्हणून पहिली दोन वर्षं तिनं परत एका दवाखान्यात भांडीच धुतली. मग परीक्षा दिली. मग दिवसाच्या उजेडाची, चांगली मोठी खिडकी असलेली खोली मिळाली. खिडकीतून माणसं पूर्ण दिसायची. सुरुवातीला तिला त्यानं दचकायला व्हायचं.

पण मागे जायची वाट बंद झाली होती. देश सोडलेल्यांना पाहुणे म्हणूनही परत घेत नसत. बाबा चार वर्षं जगले. पत्रं काकूच्या अक्षरात यायची, कोरडी, कामापुरती. ‘गोळी बदलली.’ ‘जिना उतरून एकदा खाली गेले.’ ‘कवळी छान बसली आहे.’ शेवटचं पत्र बाबांना जाऊन तीन आठवडे झाल्यावर हातात पडलं. त्यात लिहिलं होतं, की शेवटचे दोन महिने भाऊजी रोज सकाळी मला ती भाषा शिकवत होते, कारण मी म्हणाले, तुझ्या काकांनी मला शिकवायच्या आधीच त्यांना नेलं, निदान अक्षरं तरी कळू देत.

कवळीताईनं ते पत्र कामावरच वाचलं. हातातला साचा खाली ठेवला, साहेबांना सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि समुद्राच्या बाजूला चालत गेली. त्या दोघांनी त्या दोन महिन्यांत त्या भाषेत एकमेकांना काय काय म्हटलं असेल, हे तिनं काकूला पुढे पत्रातून दोनदा विचारलं. काकूनं दोन्ही पत्रांना उत्तर पाठवलं, त्या प्रश्नाला नाही.